कंपासपेटीतली देविका

क्लबहाउसच्या दारात चपला काढायला जागा उरली नव्हती. गुरुग्रामच्या त्या सोसायटीत एरवी या हॉलमध्ये मुलांचे वाढदिवस होतात. छताला एक फुगा अजून चिकटून राहिला होता, अर्धा सुकलेला. त्याच्याखाली माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक फोटो होता. कुणाचा नवरा, कुणाची आई. एका तरुण जोडप्याकडे फोटो नव्हता, नुसतं लोकरीचं टोपडं होतं. एवढी गर्दी, पण आवाज नाही. ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तशी सगळी एका दाराकडे बघत होती.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते, कडेवर दीड वर्षांची राधा. पुढे माझ्या सासूबाई वासंती आणि त्यांच्या शेजारी अलकनंदाकाकू, फरीदाबादला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. काकूच त्यांना पहिल्यांदा इथे घेऊन आल्या होत्या. सासूबाईंना मी आईच म्हणते. आईंचे हात रिकामे होते. त्यांची वस्तू आधीच आत गेली होती: माझी नणंद देविका हिची शाळेतली पत्र्याची कंपासपेटी, झाकणावर कर्कटकानं तिचं नाव कोरलेली.

दार उघडलं आणि तेजोमयजी आले. पांढरा बंद गळा, बिनचौकटीचा वाटावा असा चष्मा, आवाज बँकेतल्या गृहकर्जवाल्या माणसासारखा मऊ. देवाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. विज्ञानाचं नाव मात्र घेतलं की छातीवर हात ठेवायचे.

"मॅटर लाइट बनता है, लाइट मॅटर बनती है. यह मैं नहीं कह रहा, सायन्स कह रहा है." हात छातीवर. "तो फिर आपका अपना कहाँ गया? कहीं नहीं गया. बस लाइट मोड में है."

लाइट मोड. माझ्या फोनमध्येही आहे. एरवी मला हसू आलं असतं.

मग यंत्र आलं. पितळी घुमट, त्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला काळी नळी. नळी हवेत धरली की ते मधूनच वाजायचं. टक. बऱ्याच वेळानं पुन्हा टक. मागच्या रविवारी आईंची कंपासपेटी रिकामी होती तेव्हाही ते एवढंच वाजलं होतं, असं काकूंनी मला सांगितलं होतं. आठवडाभर पेटी तेजोमयजींच्या साधनाकक्षात राहिली. आता ती लाल दोरा बांधून, लाखेची मोहोर लावून एका तबकात बाहेर आली. नळी झाकणाशी टेकली आणि यंत्र तडतडायला लागलं, तव्यावर मोहरी पडल्यासारखं.

हॉलभर एक उसासा गेला. आईंनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

"माताजी," तेजोमयजी वाकून म्हणाले, "कौवे ने पिंड को छुआ नहीं था ना? जो गया ही नहीं, उसका पिंड कौन छुएगा?"

हे त्यांना कुणी सांगितलं?

मग आवाज आणखी खाली आला. पेटी उघडायची नाही, उघडली तर ज्योत विरून जाईल. आणि अस्पतालमध्ये जी सुई लावणार आहेत, तिच्यात अँटीमॅटर आहे. डॉक्टरला विचारून घ्या, तो नाही म्हणणार नाही. अँटीमॅटर शरीरात गेलं की ज्योतीला भिडेल. "और बेटी वहीं खतम. इस बार सचमुच."

राधानं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. पितळी घुमट वाजतच होता.

*

देविका दिल्लीत मुनिरकाला एका खोलीत राहून भौतिकशास्त्र शिकत होती. खोली एवढी लहान की पलंगावर बसून गॅसवरचं दूध उतरवता यायचं. शनिवारी फरीदाबादला यायची, धुण्याची पिशवी दारात टाकायची आणि आईंच्या पाठीमागे स्वयंपाकघरात उभी राहून काहीबाही सांगत सुटायची. आई भाजी चिरता चिरता "अच्छा" म्हणायच्या. प्रकाशातून कण जन्मतात हे आईंनी पहिल्यांदा ऐकलं ते तिच्याच तोंडून, गवार मोडताना.

पावसाळा सरता सरता तिला डेंग्यू झाला. तपशील लिहिणार नाही. सोमवारी ताप आला म्हणून फोन आला आणि तो आठवडा संपायच्या आत आम्ही तिच्या खोलीतलं सामान आवरत होतो.

दहाव्याला माझा नवरा उन्मेष आणि त्याचे मामा यमुनेच्या घाटावर गेले. पिंड ठेवला. कावळा शिवला नाही. मामांनी हात जोडून सांगितलं, उन्मेषनं सांगितलं, तुझं अमुक करू, तमुक करू. ऊन वर आलं तरी कावळा शिवेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. घरी आल्यावर उन्मेष एवढंच म्हणाला, "दर्भाचा लावला," आणि आंघोळीला गेला. आईंनी कुणाला काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्या गॅलरीत पोळीचा तुकडा ठेवायला लागल्या. खारी यायच्या, साळुंक्या यायच्या. कावळा आला की आई पडद्याआड उभ्या राहून बघायच्या, आणि तो उडाला की म्हणायच्या, "काय राहिलं असेल गं तिचं?"

थंडीत त्यांच्या काखेत गाठ लागली. तपासणी झाली, आणि जे नको होतं तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: ही कुठवर पसरली आहे ते कळल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही, त्यासाठी पेट स्कॅन हवा, आणि उशीर परवडणार नाही. तारीख मिळाली. त्याच दरम्यान अलकनंदाकाकू, ज्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले, आईंना म्हणाल्या, "वासंती, एकदा चल तर माझ्याबरोबर."

पहिल्या तारखेला आई गेल्याच नाहीत. सकाळी आंघोळ करून, साडी नेसून, पलंगावर कंपासपेटी मांडीत घेऊन बसून राहिल्या. उन्मेष आधी विनवून पाहत होता, मग ओरडला, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. मला ऐकू आलं. आई मला शांतपणे म्हणाल्या, "स्वरूपा, तूसुद्धा आई आहेस. तुला कुणी सांगितलं की या सुईनं राधाला काही होईल, अगदी हजारात एक, तर घेशील?"

खरं तर मी फोनवर शोधून पाहिलं होतं. पेट स्कॅनमध्ये प्रतिकण, म्हणजे अँटीमॅटरचे कण, असतात हे खरंच होतं. त्या माणसानं सांगितलेलं अर्धं खरं निघालं होतं आणि त्यामुळे उरलेल्या अर्ध्याची भीती वाटत होती.

घर बदललं. आई देविकाच्या खोलीत झोपायला लागल्या, पेटी उशाशी. पाल चुकचुकली तरी आम्ही दचकायचो. गॅसचा लायटर टकटक वाजला की आई मान वळवायच्या. आणि दुपारी, जेवणं होऊन राधा पेंगायला लागली की, देविकाच्या भिंतीवर एक कवडसा यायचा. त्या खोलीची खिडकी उत्तरेला, तिच्यातून ऊन कधी येत नाही. बाहेर धुरकट पांढरं आभाळ, सूर्य असा की त्याच्याकडे सरळ बघता यावं. तरी तो कवडसा यायचा, तळहाताएवढा, जिथे तिची अभ्यासाची खुर्ची असायची बरोबर तिच्या वर. थरथरायचा. मग एकदम जायचा.

एकदा राधानं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आत्या."

मी तिला उचलून बाहेर आणलं. आई मात्र हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या होत्या, आणि ते हसू मला त्या तडतडीपेक्षा भयंकर वाटलं. आईंना ते सोडवत नव्हतं. आणि गाठ वाढत होती.

*

पुढची तारीख मंगळवारची होती. आई जाणार नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळी आई आंघोळीला गेल्या होत्या. मी राधाचा भात कालवत होते. ती कुठे दिसेना, हाकेला ओ देईना. लहान मूल गप्प झालं की काहीतरी उद्योग चाललेला असतो. देविकाच्या खोलीत जाऊन बघते तर ही पलंगावर, मोहोर तुटलेली, लाल दोरा हिच्या पायात, पेटी उघडी. आत राखेसारखी करडी पूड, वर केशराच्या दोन काड्या. राधाचं बोट तोंडात. आणि तिनं असं काही तोंड वाकडं केलं, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून, की मी घाबरायचं विसरले.

कारण ते तोंड मी आधी पाहिलं होतं. आईंच्या ताटातली कोशिंबीर मागून खाते आणि अगदी असंच करते. आईंना ब्लडप्रेशर आहे, त्यांच्यासाठी वेगळं मीठ आणतो, कमी सोडियमचं. ते खारट असतं, पण मागून कडवट, धातूची चव रेंगाळते.

मी बोट पुडीत बुडवलं. मनात येत होतं की हे पाप आहे, हे काय करते आहे मी. बोट जिभेला लावलं.

खारट. कडवट. धातू.

बाथरूमचा नळ अजून चालू होता. मी राधाचं तोंड पुसलं, पेटी होती तशी बंद केली, दोरा गुंडाळला. मग गॅलरीत जाऊन रुचिताला फोन केला.

रुचिता ही देविकाची मुनिरकातली खोलीवाटेकरीण. अमरावतीकडची, पीएचडी करते आणि सुट्टीच्या दिवशी शाळांमधून मुलांना प्रयोग दाखवत हिंडते. मी सगळं सांगितलं, ते तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, आईंच्या मिठाचं पाकीट आहे ना घरात? बघा बरं, पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय का?"

लिहिलं होतं.

"बिल्कुल. थांबा, मी निघतेच. मेट्रोनं येते."

*

रुचिता जेवायच्या वेळेला आली. आधी आईंच्या पाया पडली, पोटभर जेवली, मुनिरकाच्या घरमालकिणीच्या नकला करून राधाला हसवलं. मग पिशवीतून खोक्याएवढं यंत्र काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. त्याला घुमट नव्हता. बाजूला शाळेतल्या कुण्या पोरानं चिकटवलेलं वाघाचं स्टिकर होतं. चालू केलं. टक. थोड्या वेळानं टक.

आई उठायला लागल्या.

"काकू, तुम्ही नका म्हणालात तर मी पिशवीत परत ठेवते," रुचिता म्हणाली. "पण हे तुमच्याच हातानं करून बघा. मी यंत्राला हात लावणार नाही. पेटी उघडायलाही सांगत नाही."

मग मीच सांगितलं की पेटी राधानं उघडली आहे.

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी विसरणार नाही. त्या धावत खोलीत गेल्या. पेटी छातीशी धरून बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, आणि बराच वेळ झाकणावरून बोटं फिरवत राहिल्या. "गेली का गं?" त्या कुणाला विचारत होत्या कळेना.

"बघा ना," रुचिता हळूच म्हणाली.

आईंनी नळी उचलली आणि उघड्या पेटीवर धरली. यंत्र तडतडायला लागलं. आईंनी डोळे मिटले. "आहे," त्या म्हणाल्या. "आहे अजून."

रुचितानं त्यांना तो क्षण घेऊ दिला. उघडली तर विरून जाईल म्हणाले होते, विरली नाही, हे तिनं बोलूनही दाखवलं नाही. मग मला सांगितलं की साधं मीठ एका ताटलीत घाला, आणि आईंचं मीठ दुसऱ्या. आईंचं पाकीट मी खालच्या दुकानातून नवीन आणलं होतं, ते त्यांच्याच समोर फोडलं. आईंनी नळी साध्या मिठावर धरली. टक. वाट पाहिली. टक. हवेत वाजायचं तेवढंच.

मग त्यांच्या मिठावर. तड, तड, तडतड. पेटीइतकं नाही, पण हवेतल्यापेक्षा कितीतरी जास्त.

आईंनी नळी पुन्हा साध्या मिठावर नेली. पुन्हा आपल्या मिठावर. पुन्हा पेटीवर. उन्मेष दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"म्हणजे," आई शेवटी म्हणाल्या, "मी रोज हिला वरणात घालत होते?"

रुचिता हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती सांगायला लागली. पोटॅशियम निसर्गातच थोडंसं किरणोत्सारी असतं. केळ्यात असतं, बटाट्यात असतं, नारळपाण्यात असतं. पेटीत शुद्ध पोटॅशियम क्लोराइड आहे, रंगासाठी कसली तरी राख कालवलेली. शेतकरी त्याला पोटॅश म्हणतात. "आमच्या संत्र्याच्या बागेला पोत्यांनी घालतात, काकू. माझे बाबा ते फावड्यानं ओढतात. त्यांना कुणी तेजोमय म्हटलेलं ऐकलं नाही मी."

पण आई सहजी सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पेटी पुन्हा बंद केली. "ते राहू दे. सुईचं काय? सुईत ते उलटं काही असतं की नाही? खरं सांग."

"असतं," रुचिता म्हणाली.

मला वाटलं, आता संपलं.

रुचितानं टेबलावर दोन शेंगदाणे ठेवले. इलेक्ट्रॉन हा एक, आपण सगळे त्यानं भरलेले आहोत. पॉझिट्रॉन हा दुसरा, वजनानं तेवढाच, विद्युतभार उलटा. पेट स्कॅनच्या सुईत साखर असते, आणि त्या साखरेला एक अणू जोडलेला असतो, ज्यातून पॉझिट्रॉन निघतात. गाठ भुकेली असते, साखर तिकडे जास्त धावते. पॉझिट्रॉन बाहेर पडतो, मिलिमीटरभर जातो न जातो तोच त्याला इलेक्ट्रॉन भेटतो. तिनं दोन्ही शेंगदाणे तोंडात टाकले. दोघं नाहीसे होतात. त्यांच्या जागी प्रकाशाचे दोन कण निघतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे, एक या बाजूला, एक बरोबर उलट्या बाजूला. बाहेरचं यंत्र दोघांनाही पकडतं आणि त्यांना जोडणारी रेघ मारतं. अशा लाखो रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे गाठ. बस्स, एवढंच.

"मग तो खरंच सांगत होता," आई म्हणाल्या. "भिडलं की नाहीसं होतं."

"हो. पण त्याला एक गोष्ट माहीत नाही, किंवा माहीत असून लपवली. या पोटॅशियममधूनसुद्धा, फार क्वचित, पॉझिट्रॉनच निघतो." तिनं कंपासपेटीवर बोट ठेवलं. "इथे. तुमच्या मांडीवर. काही मिनिटांत एखादा. जन्मतो, इलेक्ट्रॉनला भेटतो, प्रकाश होतो. जे देविकाला संपवेल म्हणून त्यानं तुम्हाला भीती घातली, तेच त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या पेटीत भरून दिलं. आणि काकू, तुमच्या अंगातही पोटॅशियम आहे. माझ्या, वहिनींच्या, राधाच्या. तुम्ही जन्मल्यापासून तुमच्या आत हे चालू आहे. देविका पोटात होती तेव्हाही चालू होतं."

आईंचा हात नकळत पोटावर गेला.

"ती म्हणायची," त्या पुटपुटल्या, "प्रकाशातून परत कण होतात म्हणून. ते तरी?"

"होतात. मला पण तिनंच खोलीत रात्रंदिवस डोकं खाऊन पाठ करून घेतलंय ते. पण तिचं पुढचं वाक्य तुम्ही ऐकलं नसेल, गवार शिजायला टाकली असेल तुम्ही. प्रकाशातून एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन जन्मतो, जोडीनंच. ते सगळे एकसारखे असतात. आधी ते कोण होते, कुणाचे होते, हे त्यांना ठाऊक नसतं." तिचा आवाज फाटला. "मी पण शोधलं असतं हो तिला. मला ते यंत्र वाजवता येतं, मीच आधी शोधलं असतं."

आईंनी तिचा हात धरला. यंत्र हवेतल्यासारखं वाजत होतं, अधूनमधून.

मग आईंनी तो प्रश्न विचारला, जो मला वाटतं पहिल्या दिवसापासून सगळ्याच्या मुळाशी होता.

"मग कावळा का शिवला नाही?"

रुचितानं यंत्र बंद केलं. याचं उत्तर तिच्या विषयात नव्हतं.

चौकटीतून उन्मेष पुढे आला आणि आईंच्या पायाशी फरशीवरच बसला. "आई, घाटाच्या भिंतीवर घारी बसल्या होत्या. लोक येतात, पुऱ्या टाकतात, कायकाय टाकतात तिथे, घारी हटतच नाहीत. कावळे लांब झाडावर होते. आमच्या आधी आणखी एक कुटुंब होतं, त्यांनी ठेवलेल्या खीरपुरीलाही कावळे शिवले नाहीत. भटजी म्हणाले, इथे हल्ली असंच होतं, म्हणून मी दर्भ बरोबरच ठेवतो."

"हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"सगळं सांगून झालं होतं तिला. शेवटी मी म्हणालो, आईची काळजी घेईन. आणि तरी शिवला नाही." उन्मेषनं मान खाली घातली. "मला वाटलं, तिचा माझ्यावर भरवसाच नाही. हे कसं सांगायचं तुला?"

आई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. त्यांनी मला पदरानं डोळे पुसताना पाहिलं, राधाला बिस्किटाचा चुरा करताना पाहिलं.

"काळजी घेईन म्हणालास ना," त्या म्हणाल्या. "मग घे. मंगळवारची तारीख आहे ना?"

*

त्या दुपारी कवडसा आला तेव्हा मी पहिल्यांदा भिंतीकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या नव्या इमारतीत एक बाई जेवणानंतर स्वयंपाकघराची काचेची खिडकी सरकवत होती. त्या काचेवरून ऊन आमच्याकडे येत होतं. तिनं खिडकी ओढून घेतली, कवडसा गेला. एवढे दिवस मी फक्त भिंतीकडे बघत होते. आणि राधाला "आत्या" शब्द आईंनीच शिकवला होता, त्याच भिंतीवर असलेल्या देविकाच्या फोटोकडे बोट दाखवून. फोटोवरून उजेड गेला की तिला तो दिसायचा.

अलकनंदाकाकूंना सांगायला मी गेले तेव्हा त्या चहा टाकत होत्या. कावळ्याची गोष्ट त्या माणसाला कशी कळली, हे त्यांनीच न विचारता सांगितलं. मेट्रो स्टेशनापासून क्लबहाउसपर्यंत भक्तांसाठी गाडी असते. गाडीत एक मुलगी शेजारी बसते, पाण्याची बाटली देते, हात हातात घेते. "किती मायेनं विचारायची गं. मीच सांगितलं तिला सगळं. तुमचं, माझं. कावळ्याचं, सुईचं." चहा उतू गेला. मग काकूंनी देव्हाऱ्यातून यजमानांचा चष्म्याचा डबा आणला, दोरा तोडला, पूड जिभेला लावली, आणि सिंकमध्ये थुंकून म्हणाल्या, "मेल्यानं ह्यांना खारवून ठेवलं होतं."

पुढच्या रविवारी काकू, रुचिता आणि मी त्या हॉलबाहेर टेबल मांडून बसलो, वाघाचं स्टिकर लावलेलं यंत्र, मीठ, आणि पोटॅशची पिशवी घेऊन. काही जणांनी आपल्या मोहोर लावलेल्या डब्या उघडल्या. काहींनी आम्हाला शिव्या दिल्या. टोपडं घेऊन आलेलं जोडपं आमच्यासमोर बराच वेळ उभं राहिलं, त्यांची डबी त्यांनी उघडली नाही, आणि मी त्यांना उघडा म्हणाले नाही. जाताना त्या मुलीनं विचारलं, पुढच्या रविवारी तुम्ही असाल का. तेजोमयजी मागच्या दारानं गेले. ऐकते की आता नोएडाला कुठल्या तरी सोसायटीत त्यांची अशीच सभा भरते.

स्कॅन झाला. गाठ अजून फार लांब गेलेली नाही, एवढं त्या रेघांनी सांगितलं. औषध सुरू झालं आहे. आईंचे केस गळताहेत, कोशिंबीर नकोशी झाली आहे, पुढचं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण जे आहे ते कळलं आहे.

स्कॅनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की संध्याकाळपर्यंत लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही, कारण शरीरातून ते किरण बाहेर येत असतात. आई देविकाच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. राधा उंबऱ्याशी, माझ्या हातात ओढाताण करत. आई तिला तिथूनच म्हणाल्या, "थांब गं बाळा. आज आजीतून खरोखरचा उजेड निघतोय. पण तो घ्यायचा नसतो."

त्या उजेडात कुणी नव्हतं. तो साखरेतून आला होता, गणितानं मोजला होता आणि अंधार पडेपर्यंत बराचसा विरलाही. मग आईंनी राधाला मांडीवर घेतलं.

तुमच्यापैकी कुणाचं माणूस गेलं असेल, आणि कुणी म्हणत असेल की ते आमच्याकडे आहे, या डबीत आहे, या आवाजात आहे, तर मी तुम्हाला हसणार नाही. मीही त्या भिंतीला टेकून उभी होते. एवढंच सांगते: डबी उघडा. जे उघडू नका म्हणून सांगितलं जातं, ते आधी उघडा. चव बघायची गरज नाही, एखाद्या रुचिताला बोलवा, प्रश्न विचारा, तोच प्रयोग साध्या मिठावर करून बघायला लावा. आणि जो कुणी डॉक्टरकडे जाऊ नका म्हणेल, त्याच्या दारातून आपल्या चपला उचलून निघा. गेलेल्यांसाठी घाबरत बसलो तर राहिलेलीही जातात.

कंपासपेटी आम्ही गरम पाण्यानं धुतली. आता तिच्यात राधाचे खडू असतात. झाकणावरच्या कोरलेल्या नावावरून ती बोट फिरवते आणि विचारते, हे काय. आई सांगतात, "देविका. तुझी आत्या. होती."